नळाच्या दिवशी कंबर धरते, आणि मुलगी म्हणते वजनं उचल

पत्र असं आहे:

«ताई, मी जुळे सोलापुरात राहते. वय ४४, वजन ६२ किलो. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्या दिवशी बॅरल, हंडे, कळशा भरून ठेवताना माझ्या वीसेक खेपा होतात. गेल्या महिन्यात हंडा ओट्यावर ठेवताना कंबरेत उसण भरली, तीन दिवस वाकता आलं नाही. जिने उतरताना गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले शुगर बॉर्डरला आहे. मी रोज सकाळी कंबर तलावाकडे पाऊण तास चालते, तरी वजन हलत नाही. पुण्याला शिकणारी मुलगी म्हणते, ‹आई, वजनं उचलायचा व्यायाम कर.› सासूबाई (वय ७१) म्हणतात, ‹दिवसभर राबतेच आहेस, आणखी कसला व्यायाम? आणि बाईमाणसानं जड उचललं की अंग खाली येतं.› मला आणखी एक भीती आहे, हात पुरुषांसारखे होतील. या वयात हे सुरू करावं का?»

ताई,

सरळ उत्तर आधी देते. करा. या महिन्यातच सुरू करा.

तुमचं पत्र वाचून मी कागद घेऊन हिशेब मांडला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरचा हंडा भांड्यासकट १६-१७ किलोचा झाला. वीस खेपा म्हणजे तास-दीड तासात ३०० किलोच्या वर वजन तुम्ही हलवलंत. तेही ओल्या फरशीवर, पाणी जाईल या धास्तीनं, पोटात चहाशिवाय काही नसताना. मग चार दिवस त्यातलं काहीच नाही, आणि पाचव्या दिवशी पुन्हा एकदम वीस खेपा. व्यायाम शिकवणारं कुणीही शहाणं माणूस असा व्यायाम कुणाला देणार नाही. वजन उचलावं की नाही हे ठरवायची सवड तुम्हाला आहेच कुठे? ते तुम्ही उचलताच आहात. फक्त तयारीशिवाय उचलताय, म्हणून उसण भरली.

गड्ड्याची यात्रा तुम्ही दरवर्षी बघत असाल. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, निघतात, ते पेलणारे भक्त त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा काठीला हात लावत नाहीत. यात्रेच्या कितीतरी आधीपासून त्यांचा सराव चालतो. अंगात ताकद असली तरी सराव करायचाच, हे त्यांना घरातूनच माहीत असतं. आपल्या घरातल्या बायांना मात्र कुणी कधी म्हणत नाही की बाई, तुला दर पाचव्या दिवशी एवढं ओझं उचलायचंय, तर मधल्या दिवसांत थोडा सराव कर.

आता सासूबाईंचं म्हणणं. «राबतेच आहेस» यात त्यांची तुमच्याविषयीची काळजीच आहे, ते आधी मान्य करा. पण राबणं आणि व्यायाम या दोन गोष्टी शरीराला वेगवेगळ्या लागतात. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसायची. हात इतके चपळ की बघत राहावं. तिच्याइतकं राबलेली बाई मी पाहिलेली नाही. आणि साठीत तीच आई जमिनीवरून उठताना आधी भिंत शोधायची, मग एक हात गुडघ्यावर, मग «आई गं» करत वर. आयुष्यभर बसून काम केलं, त्यात मांड्यांना आणि पाठीला कधी काही करायलाच मिळालं नाही. स्नायू वाढायला तीन गोष्टी लागतात: सवयीपेक्षा थोडं जास्त ओझं, त्यानंतर विश्रांती, आणि पोटात पुरेसं प्रथिन. घरकामात ओझं रोजचंच असतं, विश्रांती मिळत नाही, आणि जेवायला आपण शेवटी बसतो. मग कष्ट होतात, दमायला होतं, ताकद मात्र वाढत नाही.

तुमच्या वयाला याची निकड का आहे तेही सांगते. तिशीनंतर, काहीच केलं नाही तर, दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात. साठीनंतर वेग वाढतो. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायांच्या अंगातलं संप्रेरक उतरतं आणि त्याबरोबर हाडं विरळ व्हायला लागतात, पहिली काही वर्षं तर झपाट्यानं. म्हातारपणी न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या बाया तुमच्याही नात्यात असतील. त्यांचं हाड पडताना मोडलं, पण ते विरळ वीस वर्षं आधीपासून होत होतं. चालणं हृदयाला चांगलं, मनाला चांगलं, ते सोडू नका. पण चालण्यानं हातांना, खांद्यांना, पाठीला काही मिळत नाही, आणि हाडांनाही फार मिळत नाही. हाडाला ओढ बसावी लागते, दाब यावा लागतो, तेव्हा ते भर धरतं. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या शंभरेक बायांवर एक अभ्यास झाला. अर्ध्या बायांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, शिक्षकाच्या नजरेखाली चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढलेली होती, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची थोडी कमी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना चालण्या-फिरण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते. पुरुषांना आणि बायांना सारखंच.

हात पुरुषांसारखे होण्याची भीती मनातून काढून टाका. पुरुषांचे स्नायू फुगतात त्यात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा मोठा वाटा असतो, आणि बायांच्या अंगात ते त्यांच्या मानानं फारच थोडं असतं. मीराबाई चानूला आठवा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला तिनं रौप्य मिळवलं तेव्हा ती ४९ किलो वजनी गटात होती, म्हणजे तुमच्यापेक्षा तेरा किलोंनी हलकी. एका प्रयत्नात ११५ किलो डोक्यावर नेले. लहानपणापासून रात्रंदिवस तेच करणाऱ्या मुलीचं शरीर आपल्याला पुरुषी दिसत नाही, तर आठवड्यातून दोनदा पाच-सात किलो उचलून तुमचं काय होणार आहे? ब्लाउजच्या बाहीत दंड थोडा घट्ट दिसेल, एवढंच.

«अंग खाली येतं» हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गर्भपिशवी किंवा मूत्राशय खाली सरकणं हा खरा त्रास आहे, आणि आपल्याकडच्या किती बाया तो लुगड्याच्या आड लपवून जगल्या त्याला मोजमाप नाही. सासूबाईंनी तो कुणाचा तरी बघितला असेल, म्हणून त्या म्हणतात. त्यामागची मोठी कारणं म्हणजे बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना बसलेला ताण, पाळी गेल्यावरचा सैलपणा, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता आणि कुंथणं, जुना खोकला, पोटावरची चरबी. ओली बाळंतीण असताना पाण्याचे हंडे वाहायला लावले तर त्यानंही बिघडतं, यात आपल्या आजी-पणजींचं काही चुकलेलं नाही. पण धडधाकट बाईनं हळूहळू वाढवत, श्वास न कोंडता वजन उचललं म्हणून अंग खाली आलं, असं दिसून आलेलं नाही.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा. शिंकताना, खोकताना लघवीचे थेंब जातात का? खाली काही ओघळल्यासारखं, जड वाटतं का? संध्याकाळपर्यंत ते वाढतं का? एकाचंही उत्तर हो असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लाजू नका. थेंब जाणं हे वयाचं देणं म्हणून सोसायचं नसतं, त्यावर उपाय असतात. फिजिओथेरपिस्ट ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकवतात, ते नीट शिकून मग वजनाकडे वळा. तिन्हीची उत्तरं नाही असतील तरी एक नियम पाळाच: उचलताना श्वास सोडायचा. जोर लावायच्या क्षणी फुंकर घातल्यासारखा तोंडानं बाहेर. श्वास कोंडला की पोटातला सगळा दाब खाली जातो, आणि रक्तदाबही चढतो.

आता हंडा. हा तुमचा पहिला धडा, कारण नळ काही आपल्या व्यायामासाठी थांबणार नाही.

आपण हंडा कसा उचलतो? पाय जवळ, गुडघे ताठ, कमरेतून वाकून, हात लांब करून. हंडा अंगापासून हातभर दूर असतो, म्हणून त्याचा कंबरेवर पडणारा भार कितीतरी पटींनी वाढतो. तसं करू नका. हंड्याच्या अगदी जवळ जा, दोन्ही पावलं त्याच्या दोन बाजूंना. हातात ताट असताना मागचं दार आपण मागच्या अंगानं लोटतो ना, तसं अंग मागे ढकला. पाठ सरळ राहू दे, गुडघे आपोआप वाकतील. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला म्हणजे जमलं. हंडा पोटाशी लावा, फुंकर, आणि टाचांवर जोर देऊन वर. वळायचं असेल तर पावलं वळवा, नुसती कंबर पिरगाळू नका. तुमची उसण बहुतेक तिथंच भरली असणार, हंडा हातात धरून ओट्याकडे वळताना. मध्ये एक भक्कम स्टूल ठेवा: फरशीवरून स्टुलावर, स्टुलावरून ओट्यावर. आणि नेहमी डाव्याच कमरेवर कळशी घेत असाल तर ती सवय मोडा. एक भरलेली कळशी नेण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्या. खेपा तेवढ्याच होतात, कणा सरळ राहतो.

हीच उचल नळ नसलेल्या दिवशी हलक्या वजनानं सरावाची करा. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घरात असेलच. त्यात दोन लिटर पाणी भरलं की दोन किलो, तीन भरलं की तीन. दुकानात मिळणाऱ्या डंबेल्सपेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण वजन तुमच्या हातानं लिटरलिटरनं वाढवता येतं. झाकण घट्ट लावा, आणि झालं की पाणी झाडांना घाला.

नळाचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा दिवस सोडून आठवड्यात दोनदा अर्धा तास काढा. साडीत करा, पंजाबी ड्रेसवर करा, फक्त पदर-ओढणी खोचून घ्या. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी घ्या, तीन आकडे मोजत हळू खाली बसा आणि हात न टेकता उठा. आठ-दहा वेळा. गुडघ्यांना हाच औषधाचा व्यायाम आहे, कारण मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार तो घेतो. दुखतंय म्हणून बाया जिना टाळतात, मांडी आणखी बारीक होते, गुडघा आणखी दुखतो. खुर्ची फार खाली वाटली तर वर दुमडलेली चादर ठेवून उंच करा, आणि जमेल तसतशी घडी काढत जा. मग ओट्याच्या कडेला हात टेकून, अंग सरळ ठेवून, छाती ओट्याकडे न्यायची आणि परत ढकलायची. मग एक हात खुर्चीवर टेकून, दुसऱ्या हातानं कॅन कमरेकडे ओढायचा, विहिरीतून पोहरा ओढतो तसा. मग वर सांगितलेली हंड्याची उचल. शेवटी दोन हातांत दोन कॅन घेऊन अंगणात किंवा गॅलरीत ताठ मानेनं चालायचं. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, पुढे तीन. बारा वेळा सहज व्हायला लागलं की एक लिटर वाढवा. शेवटचे दोन वेळा जड जायलाच हवेत. जड गेलं नाही तर शरीराला काही निरोपच पोचत नाही.

पहिल्या वेळेनंतर दोन दिवस मांड्या ठणकतील, पाटावर बसता-उठता जाणवेल. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पण सांध्यात कळ आली, पायात मुंग्या उतरल्या, छातीत दडपलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तुमची उसण अजून पूर्ण गेली नसेल तर ती गेल्याशिवाय सुरुवात करू नका. रक्तदाब, हर्निया, पोटाचं ताजं ऑपरेशन असं काही असेल तर आधी विचारून घ्या. एकदा हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. रक्त कमी असताना दम लागतो आणि आपण समजतो की आपल्याला व्यायाम झेपत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशी पार करतं, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका.

शुगरचं म्हणाल तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आशेची गोष्ट तीच वाटली. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच. स्नायू काम करत असले की इन्सुलिनचाही उपयोग नीट होतो. बॉर्डरवर असतानाच हे सुरू करणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. मात्र वजनकाट्याकडे रोज बघू नका. चरबी उतरते आणि स्नायू भरतो तेव्हा काटा तिथंच राहतो. परकराची नाडी कुठे बांधता ते बघा.

आता जेवण, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडे सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाला राहिलेल्या आमटीवर बाई जेवायला बसते. बऱ्याचदा आमटीही नसते, भाकरी आणि शेंगा चटणी. चटणीवर माझाही जीव आहे, पण दोन चमच्यांत प्रथिन ते किती येणार? तुमच्या वजनाला दिवसाला निदान ५० ग्रॅम प्रथिन लागतं, व्यायाम करताना थोडं जास्तच. ज्वारीच्या भाकरीत थोडं असतं, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात आठ, एका अंड्यात सहा. मूठ-दीड मूठ शेंगदाणे म्हणजे दहा-बारा. मोड आलेली मटकी, दही, हे रोज असू दे. अंडी चालत असतील तर दोन खा. महागडी पावडर घ्यायची गरज नाही. स्वयंपाक झाला की स्वतःची घट्ट वरणाची वाटी आधी बाजूला काढून ठेवा. कुणी काही म्हणालं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, शुगरचं कारण तुमच्याकडे आहेच.

जिम लावायचं तुमच्या मनात असेल तर जरूर लावा, मुलीला आनंद होईल. पहिल्या दिवशी कंबरेविषयी, बाळंतपणाविषयी, शुगरविषयी विचारणारा आणि हलक्यापासून सुरू करणारा शिक्षक असेल तिथं जा. पहिल्याच दिवशी घाम काढून दाखवणारा असेल तर परत या. घरी दोन महिने वर सांगितलेलं करून मग गेलात तर तिथं बुजायला होणार नाही.

आणि सासूबाईंना यात ओढा. त्या ७१ च्या आहेत, म्हणजे तुमच्यापेक्षा त्यांना याची गरज जास्त आहे. १९९० मध्ये बोस्टनमधला एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. सासूबाईंना मात्र भाषण देऊ नका. तुम्ही खुर्चीचा व्यायाम करताना शेजारी दुसरी खुर्ची मांडा आणि म्हणा, आई, माझी मोजदाद तुम्ही करा. चार दिवस मोजतील, पाचव्या दिवशी स्वतः उठून बघतील. त्यांनी सुरुवातीला ओट्याचा आधार घेतला तरी चालेल. न्हाणीतून, देवघरातल्या पाटावरून, संडासातून हात न टेकता उठता येणं याची किंमत त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते.

सुरुवात करायच्या दिवशी एक आकडा वहीत लिहून ठेवा: अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता आलं. तारीख घाला, खाली सासूबाईंचाही आकडा लिहा. आठ आठवड्यांनी दोघींचे नवे आकडे मला कळवा, मी वाट बघेन.

आणखी एक राहिलं. पावसाळ्याआधी चादरी धुवायला काढाल. कोरडी असताना आपल्या सोलापुरी चादरीचं काही वाटत नाही, पण पाण्यातून निघते तेव्हा तिचं ओझं आणि पीळ मनगटाला आणि कंबरेला एकदम भिडतात. ओणव्यानं एकटीनं पिळत बसू नका. दोघींनी, दोन टोकं, पाय थोडे फाकवून, गुडघे सैल, आणि पीळ देताना श्वास बाहेर. मुलगी सुट्टीला आली असेल तर दुसरं टोक तिला द्या. मिस्टर घरी असतील तर त्यांना द्या.